वंशावळ, वास्तू आणि वाचक : सार्वजनिक ग्रंथालय स्थानिक इतिहासाचे केंद्र कसे होते?

१. प्रास्ताविक

सार्वजनिक ग्रंथालयांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. एक अंग वाचनसंस्कृतीच्या इतिहासाचे असून एकोणिसाव्या शतकातील नेटिव्ह लायब्ररीपासून आजच्या ग्रामीण वाचनालयापर्यंतचा प्रवास त्यात सांगितला जातो. दुसरे अंग प्रशासनाचे. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, त्यानुसार मिळणारी मान्यता, ‘अ’ ते ‘ड’ हे वर्ग आणि अनुदान ही त्याची परिभाषा होय. यांखेरीज एक तिसरे अंग आहे आणि त्याकडे मराठीच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. परिसराची व त्यातील घराण्यांची लेखी स्मृती सांभाळणारे स्थान, या नात्याने ग्रंथालयाकडे पाहता येते काय, हा तो प्रश्न होय.

अन्य देशांत हा प्रश्न व्यवहारात सुटलेला दिसतो. नवी मोठी इमारत झाली की वाचनालयाची जुनी वास्तू स्थानिक इतिहासाच्या व वंशावळींच्या अभ्यासाकडे सोपवावी, अशी प्रथा तेथे रुळली आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराचे १९२६ साली उघडलेले मध्यवर्ती ग्रंथालय १९७६ मध्ये शेजारच्या नव्या इमारतीत गेले आणि जुन्या वास्तूत त्या शहराच्या इतिहासाचे संशोधन केंद्र नांदू लागले. आपल्याकडेही जुन्या वाचनालयांच्या इमारती आहेत. त्यांचे पुढे काय करावयाचे, हा विषय अधूनमधून निघतो आणि तो बहुधा डागडुजीच्या खर्चाशी येऊन थांबतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या भूमिकेवरून केला आहे. त्यासाठी दोन स्थळे घेतली आहेत. पहिले तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालय आणि दुसरे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातील लासूर स्टेशनचा परिसर. ही जोडी वरवर विजोड वाटेल. परंतु तंजावरला जी वंशावळ दगडावर कोरलेली आहे, तिचे मूळ लासूर स्टेशनपासून फारसे दूर नसलेल्या वेरुळात आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे दोन्ही स्थळे एकत्र घेण्याचे प्रयोजन उघड होते. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, वंशावळ ही विशिष्ट प्रसंगी विशिष्ट हक्काच्या समर्थनार्थ रचलेली संहिता असते. तिच्यासोबत तिचा प्रसंग आणि तिने वगळलेली माणसे जपली, तरच ग्रंथालय इतिहासाचे केंद्र होते. एरवी ते दाखल्यांचे गोदाम होऊन राहते.

२. राजाचे पुस्तकघर ते सार्वजनिक ग्रंथालय

तंजावरचा ग्रंथसंग्रह मूळचा नायक राजांचा. १६७५-७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी तेथे मराठी सत्ता स्थापन केली आणि हा संग्रह भोसल्यांकडे आला. त्याला आजचे रूप मिळाले ते दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८–१८३२). राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर या राजाने आपले बळ विद्येकडे वळविले. १८२० साली निघालेल्या काशीयात्रेतही त्याने हस्तलिखिते मिळविली आणि युरोपीय भाषांतील ग्रंथही मोठ्या संख्येने आणविले. १८५५ मध्ये पुत्रसंतानाच्या अभावी तंजावरची गादी इंग्रजांनी खालसा केली. राजाविना राहिलेले हे पुस्तकघर १९१८ साली सार्वजनिक ग्रंथालय झाले आणि १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

मराठीच्या दृष्टीने येथे दोन प्रकारची सामग्री आहे. पहिली, तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते. त्यांत आख्याने, नाटके, टीकाग्रंथ असे सर्व काही आले. दुसरी, मोडी लिपीतील राजदप्तराचे गठ्ठे, ज्यांची संख्या तेराशेच्या घरात सांगितली जाते. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी पहिल्या प्रकाराकडे लक्ष पुरविले. सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ तंजावरच्या हस्तलिखितामुळेच अभ्यासकांच्या हाती आले. मालोजी, विठोजी व शहाजी यांच्यासंबंधीचे हे संस्कृत काव्य महाराष्ट्राला परत मिळाले ते दूर दक्षिणेतील ग्रंथालयातून, ही घटना या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. घराण्याची स्मृती घराण्याच्या मूळ गावी राहीलच असे नाही. ज्या ठिकाणी ती जपण्याची व्यवस्था असते, त्या ठिकाणी ती राहते.

दुसऱ्या प्रकाराची कहाणी अधिक बोलकी आहे. मोडी दप्तरात धान्याचे भाव, देणग्या, देवळांचे खर्च, छत्रांतील अन्नदान, नोकरांचे पगार, औषधोपचार असा सारा दैनंदिन व्यवहार नोंदलेला आहे. हा तंजावर प्रदेशाचा, म्हणजे तमिळभाषकांचाही इतिहास होय. तमिळ विद्यापीठाने १९८९ साली या मोडी कागदांतील सामग्रीचे तमिळ भाषांतर खंडशः प्रसिद्ध केले. तोपर्यंत जे दप्तर परक्या लिपीतील ओझे होते, ते या भाषांतरामुळे त्या भूमीतील अभ्यासकाचे साधन झाले. सार्वजनिक ग्रंथालयाची पाटी १९१८ मध्ये लागली. परंतु स्थानिक इतिहासाचे केंद्र म्हणून या वास्तूचे परिवर्तन लिपी वाचणारी व भाषांतर करणारी माणसे उभी राहिली तेव्हा होऊ लागले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

३. भिंतीवरची वंशावळ

याच तंजावरात, अकराव्या शतकाच्या आरंभी राजराज चोळाने बांधविलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात, नैऋत्येकडील भिंतीवर एक विस्तीर्ण मराठी लेख कोरलेला आहे. तो ‘भोसले वंशचरित्र’ या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो सिद्ध केला आणि १८०३ च्या डिसेंबरात तो पूर्ण झाला. देवनागरी लिपीतील हे मराठी गद्य मालोजी-शहाजींपासून सरफोजींपर्यंतची परंपरा सांगते.

एवढा दीर्घ वंशवृत्तांत कागदावर असताना तो दगडावर का आणावा लागला? या प्रश्नाचे उत्तर १७८७ ते १७९८ या दशकात आहे. तुळजाजीराजांनी मृत्यूपूर्वी भोसल्यांच्या एका शाखेतील बालक दत्तक घेतले, तेच सरफोजी. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी या दत्तविधानाला हरकत घेतली. कंपनी सरकारने पंडितांचे मत मागविले. प्रथम कौल दत्तकाच्या विरुद्ध गेला आणि अमरसिंह गादीवर आले. पुढे प्रकरण फिरले, कौल बदलला आणि १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली. दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. अशा रीतीने १८०३ मध्ये ज्या राजाने वंशचरित्र कोरविले, त्याचा वारसा एकदा नाकारला गेला होता आणि त्याची सत्ताही जवळपास संपली होती. राज्य हातातून गेल्यावर उरतो तो वंश. तो निर्विवाद असल्याचे सांगण्यासाठी दगडाइतके ठाम माध्यम दुसरे नव्हते.

हा संदर्भ वगळून ते चरित्र वाचले, तर हाती नावांची माळ लागते. संदर्भासह वाचले, तर एका दत्तक राजाने लोकांसमोर, देवासमोर आणि कंपनीसमोर मांडलेला युक्तिवाद हाती लागतो. संहितेचा एक शब्दही न बदलता तिचा अर्थ पालटतो. वंशावळीच्या अभ्यासातील पहिला धडा हाच आहे.

वंशरेषा आणि राज्यकर्त्यांची यादी एकच नसते, हेही तंजावरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. दुसऱ्या एकोजींच्या निधनानंतर त्यांच्या विधवा राणी सुजानबाई यांनी १७३७–३८ या अल्पकाळात राज्य चालविले. राज्यकर्त्यांच्या यादीत त्यांचे नाव आहे. पण पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या रेषेत त्यांना जागा कोणती? वंशवृक्षाच्या आकृतीतच काही माणसे मावत नाहीत. हा दोष लेखकाच्या हेतूइतकाच आकृतीचाही असतो.

४. करीना, महजर आणि आजची निकड

राजघराण्याच्या बाबतीत जे खरे, तेच पाटील-कुलकर्ण्यांच्या बाबतीतही खरे आहे. मराठी दप्तरांत वंशावळींचे सर्वांत मोठे भांडार वतनाच्या तंट्यांत सापडते. वादी-प्रतिवादी आपापला ‘करीना’ लिहून देत. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, वडील शाखा कोणती, वतन कोणाकडून कोणाकडे गेले, हे सारे त्यात क्रमाने येई. मग गोतसभा बसे, साक्षी होत आणि ‘महजर’ तयार होई. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून अशी कागदपत्रे अभ्यासकांना परिचित आहेत. तथापि करीना हा एक गद्यप्रकार आहे, त्याला आरंभ, संघर्ष व मागणी अशी निश्चित रचना आहे, हे मराठी गद्याच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे मांडले गेलेले नाही. दोन भाऊबंदांचे करीने एकाच मूळ पुरुषापासून निघतात आणि तिसऱ्या पिढीत एकमेकांना खोटे ठरवितात. संशोधकाने त्यांतील एकाला खरे ठरवून दुसरा फेकून दिला, तर तो न्यायाधीश झाला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर तो इतिहासाचा वाचक झाला.

मराठवाड्यात या विषयाला आज विलक्षण निकड प्राप्त झाली आहे. कुणबी नोंदींच्या आधारे जातप्रमाणपत्र देण्याच्या प्रश्नावर निजामकालीन कागदपत्रे तपासण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासननिर्णय निघाला. आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. येथे नोंदवावयाचे ते इतकेच की, खेडोपाडी सामान्य कुटुंबे पणजोबाच्या वडिलांचे नाव शोधू लागली, जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे उघडली गेली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची वाण सर्वांना एकदम जाणवली.

ही वाण आकस्मिक नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तेथील राजभाषा प्रथम फारसी आणि १८८० नंतरच्या दशकात उर्दू झाली. गावपातळीवरचा मराठी व्यवहार मोडीत चालला. इनामांचे ‘मुंतखब’ एका लिपीत, घरगुती हिशेब दुसऱ्या लिपीत, सावकाराची खतावणी तिसऱ्या वळणाची आणि हे सारे वाचावयाचे ते केवळ बाळबोध शिकलेल्या नातवाने, अशी ही स्थिती आहे. त्यातच १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि निजामकालीन दप्तर मोठ्या प्रमाणावर हैदराबादेत राहिले. मराठवाड्यातील कुटुंबाची स्मृती अशा रीतीने लिपीनेही दुरावली आणि अंतरानेही.

कचेरी या कागदांना एकच प्रश्न विचारते : नोंद ग्राह्य की अग्राह्य? तिच्या कामाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु नोंद कोणी केली, कोणत्या कारणाने केली, सांगणारा कोण होता, लिहिणाऱ्याने कोणता शब्द आपल्या सोयीने वापरला, हे प्रश्न कचेरीत विचारण्यास सवड नसते. ते विचारण्याची जागा ग्रंथालय आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर ज्या कागदाचे काम संपले असे मानले जाते, त्याचे खरे काम तेथे सुरू होते.

५. रेषेबाहेरची माणसे

पितृवंशाची रेषा हाच एकमेव वंश, असे मराठी वाङ्मयाने कधी मानलेले नाही. महानुभावांच्या ‘अन्वयस्थळ’सारख्या रचनांत गुरुशिष्यांची परंपरा वंशाप्रमाणे नोंदलेली आहे, तर ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या जागांची दिशा व खुणांसह नोंद आहे. मराठीतील स्थानिक इतिहासाचा आरंभ ‘स्थानपोथी’पासून मानण्यास हरकत नसावी. ‘लीळाचरित्रा’तील येळापूर म्हणजे आजचे वेरूळ. ज्या गावी पुढे भोसल्यांची पाटिलकी नांदली, त्याच गावाची ही अगोदरची, वेगळ्या प्रकारची वंशस्मृती आहे.

या परिसरातील सर्वांत मोलाचे उदाहरण मात्र संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००). त्यांचा जन्म कन्नड तालुक्यातील देवगावचा आणि समाधी वैजापूर तालुक्यातील शिऊरची. आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी आईवडिलांचे गाव, कुळ, विवाह, पतीचा रोष, कुटुंबाची भटकंती हे सारे सांगितले आहे. पण तेवढ्यावर त्या थांबत नाहीत. आदिनाथांपासून ज्ञानेश्वरांकडे आणि तेथून तुकोबांपर्यंत येणारी गुरुपरंपरा सांगून त्या स्वतःला तिच्या टोकाशी उभे करतात. आणि अखेरीस पुत्राला आपल्या पूर्वजन्मांची हकिकत कथन करतात. म्हणजे येथे एका स्त्रीने आपल्या तीन वंशावळी दिल्या आहेत : रक्ताची, गुरूची आणि जन्मांची. पहिलीत स्त्री म्हणून तिचे नाव कन्या किंवा पत्नी एवढेच येऊ शकले असते. दुसरीत व तिसरीत ती कर्ती आहे. वंशाच्या रेषेत जागा नसलेल्या व्यक्तीने स्वतःची रेषा स्वतः आखल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठीत क्वचितच मिळेल.

लेखणी हाती नसलेल्यांनी हेच काम मौखिक परंपरेत केले. जात्यावरच्या ओवीत माहेर, भाऊ, भाचा, लेक यांची नावे येतात. सातबाऱ्यावर जी कधी आली नाहीत, ती नावे येथे भेटतात. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या संकलित करविल्या व त्यांत गायिकांची नावे व गावे जपली, ही नोंदीची शिस्त स्थानिक इतिहासाच्या प्रत्येक केंद्राने उचलावी अशी आहे. भाट, दक्षिणेकडचे हेळवी, तीर्थक्षेत्रींचे उपाध्ये यांच्या वह्या व मुखपाठ हेही वंशज्ञानाचे जुने मार्ग होत. मात्र यजमानपण ज्यांच्या वाट्याला आले, त्यांचीच नावे तीर्थोपाध्यांच्या वह्यांत मुख्यतः आढळणार. गावकुसाबाहेरच्या, भूमिहीन आणि भटक्या कुटुंबांकडे वतनाचा कागद नाही, त्यामुळे करीनाही नाही. केंद्र केवळ कागदांवर उभे राहिले, तर ज्यांच्याजवळ पूर्वी हक्क होते त्यांचाच इतिहास ते पुन्हा एकदा लिहील. हा धोका गृहीत धरून मौखिक सामग्रीला कागदाच्या बरोबरीची जागा पहिल्या दिवसापासून द्यावी लागेल.

६. लासूर स्टेशनच्या परिसरात काय करता येईल?

लासूर स्टेशन हे नावच त्या वस्तीचा इतिहास सांगते. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद हा लोहमार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून गेला. दाक्षायणी देवीचे लासूरगाव आज वैजापूर तालुक्यात, तर स्थानकाभोवतालची बाजारपेठ गंगापूर तालुक्यात मोडते. एका नावाची दोन गावे, दोन तालुके आणि म्हणून दोन तहसिलींतील दप्तर, ही स्थानिक इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी भेटणारी अडचण आहे. रेल्वेमुळे वाढलेल्या वस्तीत मूळ रहिवासी थोडे व येऊन स्थायिक झालेले पुष्कळ असतात. त्यांच्या वंशावळींची मुळे अन्यत्र असतात. त्यामुळे अशा गावाचा इतिहास हा मुख्यतः स्थलांतराचा इतिहास ठरतो आणि तो गावाबाहेरच्या कागदांशी जोडूनच वाचावा लागतो.

अशा गावच्या वाचनालयात एखादी खोली जरी या कामासाठी राखून ठेवली, तरी महाविद्यालयाच्या मराठी व इतिहास विभागांना पुढील क्रमाने काम करता येईल.

पहिले, मूळ कागद मालकाच्या घरीच राहू द्यावेत; त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि कागद कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत, कोणत्या कागदांसोबत सापडला हे लिहून ठेवावे. सोबतचे कागद हाच पुष्कळदा प्रसंगाचा पुरावा असतो. आडतदुकानांच्या रोजकिर्दी व खतावण्या, लग्नपत्रिका, पत्रे, शाळेची रजिस्टरे यांनाही करीन्याइतकेच मोल द्यावे.

दुसरे, प्रत्येक वंशावळीला एक टिपण जोडावे. त्यात तीन गोष्टी असाव्यात : ती कोणत्या निमित्ताने लिहिली गेली, माहिती कोणी दिली आणि तिच्यात कोण आलेले नाही. तिसऱ्या रकान्यात लेकी, सुना, दत्तक दिलेले मुलगे, परागंदा झालेले व जातीबाहेर विवाह केलेले यांची घरच्या मंडळींनी सांगितलेली नावे, त्यांच्या संमतीने, नोंदवावीत. जिवंत व्यक्तींची माहिती सर्वांस खुली करू नये, हे पथ्यही पाळले पाहिजे.

तिसरे, मोडीचा व उर्दू वाचनाचा वर्ग याच खोलीत भरवावा. विद्यार्थ्यांनी वाचलेल्या कागदाचे बाळबोध लिप्यंतर व अर्थ दोन्ही मूळ छायाचित्राशेजारी ठेवावे. तमिळ अभ्यासकांनी तंजावरच्या मोडीबाबत जे केले, ते मराठवाड्याच्या उर्दू-फारसी दप्तराबाबत मराठी अभ्यासकांनी करावयाचे आहे.

चौथे, स्नातकोत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी एकेका कुटुंबाची वंशावळ, त्याच कुटुंबातील ओव्या आणि एका ज्येष्ठ व्यक्तीची मुलाखत एकत्र घेऊन तुलनात्मक वाचन करावे. एकाच घराची ही तीन चित्रे सहसा जुळत नाहीत. त्यांच्या न जुळण्यातच अभ्यासविषय आहे.

७. समारोप

वेरुळातून निघालेल्या घराण्याची स्मृती तंजावरच्या भिंतीवर टिकली. राजाने ती कोरविली, त्याच्या पुस्तकघरात तिचे पूरक कागद राहिले आणि ते पुस्तकघर सार्वजनिक झाल्यामुळे आज कोणाही अभ्यासकाला दोन्ही ताडून पाहता येतात. वेरूळच्या पंचक्रोशीतील शेतकरी, आडत्या, बलुतेदार, मजूर यांच्याजवळ असा दगड नाही आणि चिटणीसही नाही. त्यांच्याजवळ आहेत ते पत्र्याच्या पेटीतील वाळवी लागलेले कागद, थोड्या ओव्या आणि ज्यांना त्या येतात अशी काही वृद्ध माणसे. दाखल्यापुरते कागद शोधण्याची आजची धांदल संपल्यावर या पेट्या पुन्हा माळ्यावर जातील. त्याआधी त्या उघडून, वाचून, सोबतच्या टिपणासह जवळच्या वाचनालयात त्यांची नोंद व्हावी. हे काम करण्यास नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही. एक कुलूपबंद कपाट, एक नोंदवही आणि मोडी वाचू शकणारा एक शिक्षक एवढ्या बळावर ते येत्या शैक्षणिक वर्षातही सुरू होऊ शकते.